प्रस्तावना : ऊस मोजला, फड राहिला

माळशिरस तालुका अवर्षणप्रवण. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बराचसा परतीचा, आणि त्याचाही भरवसा नाही. अशा मुलखात श्रीपूरच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी उभा दिसतो तो ऊस. पाटाने भिजवायचा म्हटलं तर त्याला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी लागतं. हा हिशेब जुळला कसा, असं कुणालाही विचारा. धरणाचं नाव निघेल, नीरा उजव्या कालव्याचं निघेल, कारखान्याचं तर निघेलच. पाडेगावचं नाव मात्र दहांत एखादाच घेईल, आणि जमिनीत खड्डे खणून मातीचे थर वाचणाऱ्या माणसांचं नाव तो एखादाही घेणार नाही. संशोधन नावाची गोष्ट आपल्या रोजच्या जगण्यात इतकी मुरलेली असते की ती झाली होती हेच आपण विसरतो. या पुस्तकातले लेख याच भागातल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या गावाच्या प्रश्नांवर लिहिले आहेत. ते वाचण्याआधी, विद्यापीठातल्या आणि प्रयोगशाळेतल्या अभ्यासाने आपल्या शेताचं, आरोग्याचं, मजुरीचं आजवर काय केलं आणि काय करायचं राहिलं, हे एकदा पाहून घेतलेलं बरं.

श्रीपूर हे पांढरीचं जुनं गाव नव्हे. १९३२ साली साखरधंद्याला जकातीचं संरक्षण मिळालं आणि दोन-तीन वर्षांत नीरेच्या दोन्ही काठांना कारखान्यांची धुराडी उभी राहिली. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगर वसवलं, पलीकडे इंदापूर तालुक्यात वालचंदनगर झालं, आणि १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली. श्रीपूर ही तिच्याभोवती वाढलेली वस्ती. पुढे याच श्रीपूरला पांडुरंग सहकारी साखर कारखाना आला. कालव्याचं पाणी, कारखान्याची चिमणी आणि भोवती उसाचं रान, असा हा गावाचा पिंड आहे.

पण पाणी आलं की जमीन सुधारते, हा समज नीरेच्या खोऱ्यात फार आधी खोटा ठरला होता. नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास वाहू लागला आणि एका पिढीच्या आत काळ्या कसदार जमिनी पाणथळ होऊ लागल्या. कुठे मीठ फुटलं, कुठे रान चोपण झालं. उजव्या कालव्याचं पाणी माळशिरसकडे वळत असताना हीच चूक पुन्हा होऊ नये, म्हणून काही मंडळी कामाला लागली. १९३२ साली फलटण तालुक्यात पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र निघालं. तिथल्या जे. के. बसूंनी सहकारी सिरूर यांच्यासह नीरा उजवा आणि प्रवरा या कालव्यांखालच्या मातीची पाहणी केली आणि १९३८ साली तिचं वर्गीकरण छापलं.

मातीची पाहणी म्हणजे काय, हे एकदा डोळ्यांसमोर आणावं. माणूस उतरेल एवढा खड्डा मुरूम लागेपर्यंत खणायचा. त्याच्या उभ्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत थर बघायचे : काळा कुठे संपतो, चुनखडीचे खडे कितव्या हातावर सुरू होतात, खालचा थर पाणी पिऊन वाट देतो की अडवून धरतो. प्रत्येक थराचा नमुना पिशवीत भरायचा, चिठ्ठी लावायची, प्रयोगशाळेत त्यातले क्षार मोजायचे. मग पुढचा खड्डा. दोन शेतं वरून सारखी काळी दिसत असली तरी एकाला पाणी सोसतं आणि दुसरं पाच-दहा वर्षांत वाया जातं, हे अशा खड्ड्यांनी दाखवून दिलं. निबंध इंग्रजीत निघाला. तो माळशिरस तालुक्यातल्या एकाही शेतकऱ्याने वाचला नसेल, पण पुढे ज्या-ज्या कृषी सहायकाने ‘या रानाला निचरा काढा’ असं सांगितलं, त्याच्या सांगण्यामागे तो खड्डा होता.

वाणांची कथा याहून ठळक आहे. कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघालं. तिथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड रसाळ उसाचा संकर रानटी काशाशी केला, आणि ‘को’ मालिकेचे ऊस जन्मले. दख्खनच्या कालव्यांवर को ४१९ने आणि त्यानंतर को ७४०ने कित्येक वर्षं राज्य केलं. आज श्रीपूरच्या शिवारात कुणालाही ‘शहाऐंशी’ म्हटलं तर पुढचं सांगावं लागत नाही. हा को ८६०३२ कोइमतूरला जन्मला, पाडेगावला पारखला गेला आणि १९९६ साली महाराष्ट्रासाठी आला. २००७ साली पाडेगावनेच फुले २६५ दिला. तो क्षारपड रानातही तग धरतो आणि वजनाला भारी पडतो. इथे एक गंमत नोंदवायला हवी. शेतकऱ्याला टन हवे असतात, कारखान्याला साखरेचा उतारा हवा असतो. त्यामुळे शेतकऱ्याच्या बांधावर लाडका झालेला हा २६५ नोंदवून घेताना कारखान्याच्या शेतकी खात्याच्या कपाळाला आठी पडते. वाण चांगला की वाईट, याचं उत्तर प्रयोगशाळा एकटी देऊ शकत नाही. ते विचारणाऱ्यावर अवलंबून असतं. पुढे जे म्हणायचं आहे त्याचं बीज इथेच आहे.

२००२ साली लोकरी मावा आला. सांगलीकडून सुरू होऊन बघता बघता तो सगळ्या ऊसपट्ट्यात पसरला. पानाच्या खालच्या बाजूला पांढरा कापूस पिंजून लावल्यासारखा थर, वरच्या पानांवर चिकटा आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी. पहिली दोन वर्षं जो तो फवारण्याच्या मागे लागला. डोक्यापेक्षा उंच वाढलेल्या उसात शिरून पानाच्या पाठीवर औषध पोहोचवणं अशक्य, आणि जिथे पोहोचलं तिथे माव्याबरोबर माव्याला खाणारे किडेही मेले. शेवटी मावा आटोक्यात आणला तो त्या किड्यांनीच. कोनोबाथ्राची अळी, मायक्रोमस आणि एनकार्शिया यांना राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या आणि धारवाडच्या शास्त्रज्ञांनी ओळखलं, शेडनेटमध्ये वाढवलं, आणि या किडीवर औषध मारू नका असं आवर्जून सांगितलं. मग शेतकरी मित्रकिडींनी भरलेली पानं एका गावातून दुसऱ्या गावात नेऊन उसाला टाचू लागले. शास्त्रज्ञाने ओळखायचं आणि शेतकऱ्याने पसरवायचं, अशी ही भागी होती. संशोधन प्रश्नाला भिडतं म्हणजे काय, याचा आपल्याकडचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा सांगता येणार नाही.

सगळ्याच गोष्टी अशा सरळ झाल्या नाहीत. जिल्ह्याचा कोरडवाहू भाग उसापेक्षा कितीतरी मोठा. त्यासाठी सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. एन. व्ही. कानिटकर यांनी तिथल्या कामावरून बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी, वारंवार कोळपणी अशी पद्धत बसवून दिली आणि १९४४ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. शास्त्र बिनचूक होतं. पण एकरी जिथे जेमतेम दोन-तीन पोती पिकायची, तिथे उत्पन्नात पंधरा-वीस टक्क्यांची वाढ म्हणजे पोत्याचा तळही भरेना, आणि त्यासाठी करावी लागणारी मेहनत मात्र दुप्पट. शेतकऱ्याने मान डोलावली आणि आपल्या जुन्या वाटेने गेला. त्याच काळात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेली ३५-१ ही ज्वारी मात्र घरोघर गेली, आणि आजही रब्बीत तिचंच नाव पहिलं निघतं. तिला वेगळी मेहनत लागत नव्हती, भाकरी चवीला होती आणि कडबा जनावरं आवडीने खात. पदरी काय पडतं आणि अंगावर काय येतं, याचा हिशेब शेतकरी संशोधकापेक्षा लवकर करतो.

कानिटकरांचं नाव आणखी एका कारणासाठी घ्यायचं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर या एका गावाचा समग्र अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९२१ साली कानिटकरांना बरोबर घेऊन जातेगाव बुद्रुकचा. जमीन किती, वाटण्या किती, कर्ज किती, पोट कशावर भरतं, हे त्यांनी घरोघर विचारलं. पिंपळे सौदागरमध्ये १७७१ साली सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१५पर्यंत ७ एकरांवर आली होती. आज त्या गावात बहुमजली इमारती आहेत आणि एकराचा भाव कोटींत आहे. पण दख्खनच्या शेतकऱ्याच्या आळसावर सरकारी भाषणं झोडली जात असताना कुणीतरी घरात जाऊन आकडे आणले, ही पद्धत तिथून रुजली. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी तीच वाट धरली आणि ते नुसते अभ्यासत बसले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरेचा सहकारी कारखाना उभा करताना ते त्याचे पहिले अध्यक्ष झाले. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने साखर कारखान्याचं अध्यक्षपद सांभाळावं, हे आज सांगितलं तर खरं वाटणार नाही.

आता फडाकडे येऊ.

माती मोजली, पाणी मोजलं, उसाचा उतारा दशांश चिन्हापर्यंत मोजला. ज्या हातांनी हा ऊस तुटतो, त्या हातांची मोजदाद कुणी केली? दिवाळीच्या आगेमागे बीड, नगर, जालना, परभणीकडून टोळ्या उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटे अंधारात फडात शिरायचं, बुडख्यातून ऊस तोडायचा, पाचट काढायचं, शेंडा छाटायचा, वाढ्यांनी मोळी बांधायची. तीस-चाळीस किलोची मोळी चुंबळ ठेवलेल्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. तोडणारा बहुधा पुरुष, मोळ्या बांधणारी आणि वाहणारी बहुधा बाई. मग रात्री गाडी भरायला पुन्हा हजर. एखादा दिवस मोडला तर खाडा पडतो आणि तो पैशांत कापला जातो. पाळी असो, पोटात मूल असो, खाड्याचा दर बदलत नाही.

अभ्यास अजिबातच झाला नाही, असं म्हणता येणार नाही. १९७०च्या दशकात यान ब्रेमन या डच अभ्यासकाने दक्षिण गुजरातेत बारडोलीकडच्या कारखान्यांचा ऊस तोडणाऱ्या आपल्या खानदेशी मजुरांबद्दल लिहिलं. ‘जनार्थ’ या संस्थेने साखरशाळा काढल्या, तेव्हा फडावरच्या पोरांच्या शिक्षणाचं चित्र कागदावर आलं. पण शरीराचा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो विचारला गेला २०१९ साली, आणि तोही बीडमध्ये तरुण बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्या आल्यावर. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे सहांत एक. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. कारणं एकात एक गुंतलेली : अंगावर काढलेली दुखणी, कॅन्सर होईल ही घातलेली भीती, फडावर न्हाणीघर-संडास नाही, खाड्याचा धाक, आणि ऑपरेशनवर चालणारे दवाखाने. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. एका पाहणीने एवढं तरी केलं.

पण याला इतका उशीर का व्हावा? बायकांच्या आजारांचा प्रश्न महाराष्ट्रात तीस वर्षं आधी विचारला गेला होता, आणि तो जगभर गाजलाही होता. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के होत्या. तोवर स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच सरकारची समज होती.

बंगांच्या कामातली एक वस्तू मला फार महत्त्वाची वाटते. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे ओळखायचं तर मिनिटाला श्वास मोजावे लागतात. गावच्या दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. दहा-बारापर्यंत येत होतं. तेव्हा त्यांनी एक साधं यंत्र केलं : एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत रांगेतले मणी संपले तर बाळाला न्यूमोनिया. दाईला अंक शिकवत बसण्यापेक्षा तिला जे येतं त्यातून काम करून घेतलं. पुढे ३९ गावांत आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं, त्यांच्या तुलनेत तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. डिसेंबर १९९९मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि पुढे देशभरच्या आशांच्या कामात ही पद्धत शिरली. आपल्या गावची आशाताई बाळ झालेल्या घरी वजनकाटा घेऊन येते, ती रीत गडचिरोलीवरून आली आहे.

बाहेरच्या जगातला एक दाखला तर थेट उसाचाच आहे. एल साल्वादोर आणि निकाराग्वात तरण्याबांड ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. ना मधुमेह, ना रक्तदाब. २००२च्या सुमारास डॉक्टरांनी हे लिहिलं, आणि बराच काळ कीटकनाशकांवर संशय घेतला गेला. पुढे बोट वळलं ते उन्हातल्या अंगमोडीच्या कामाकडे आणि सुकत जाणाऱ्या शरीराकडे. निकाराग्वातल्या कारखान्यात कामगारांना ठरावीक वेळी पाणी, सावली आणि विसावा देऊन पाहिला आणि इजा कमी झाल्याचं दिसलं. आपला हंगाम बराचसा थंडीचा. पण फेब्रुवारी-मार्चमधल्या सोलापूरच्या उन्हात जो फड चालतो, त्यातल्या कोयत्याचं काय होतं? हा प्रश्न तपासायला वजनकाटा, थर्मामीटर, लघवी तपासण्याच्या पट्ट्या आणि मजुराशी नीट बोलता येणारी दोन माणसं पुरेशी आहेत.

तंत्रज्ञानाची गाडी मात्र थांबलेली नाही. शेजारी बारामतीला ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली आहे. जमिनीतले सेन्सर, उपग्रहाची चित्रं आणि हवामान यांची सांगड घालून आज पाणी द्यायचं की नाही, हे मोबाइलवर येतं. पाण्याने खारावलेल्या या खोऱ्यात ते उपयोगी ठरेल यात मला शंका नाही. प्रश्न तीन एकरवाल्याला ते परवडतं का, एवढाच. तोडणीची यंत्रंही आली आहेत. ती मोठ्या, सलग, रुंद सरीच्या रानात चालतात. मॅनने शंभर वर्षांपूर्वी मोजलेल्या तुकड्यांत त्यांना वळायला जागा नाही. त्यामुळे मजूर राहणार आणि यंत्रही येणार, अशी अर्धवट अवस्था बरीच वर्षं चालेल. यंत्राच्या चाचणीचे अहवाल ढीगभर निघतात. यंत्रामुळे ज्यांचा हंगाम बुडेल, त्यांचं काय, यावर पानभर मजकूर शोधावा लागतो.

विद्यापीठांबद्दल कडू बोलल्याशिवाय प्रस्तावना पुरी होत नाही, असा आपल्याकडे रिवाज आहे; मी थोडक्यात उरकतो. सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ २००४ साली मिळालं. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. विद्यापीठ जवळ आल्याने प्रश्न आपोआप जवळ आले, असं झालं नाही. पदोन्नतीसाठी गुण लागतात, गुणांसाठी निबंध लागतात, आणि निबंधाला फडात जायलाच हवं असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे शेकडो प्रबंध असे निघतात की ज्यांच्या गावाला आपला अभ्यास झाला हे ठाऊकच नसतं. प्रश्नावली भरून घेणारा पोरगा एकदा येतो, परत येत नाही.

या पुस्तकातले लेख त्या मानाने प्रामाणिक आहेत. काही कच्चे आहेत. नमुना लहान आहे, आकड्यांची रीत सगळीकडे सारखी नाही, दोन ठिकाणी निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावलाय. तरी इथे विचारलेले प्रश्न इथलेच आहेत : विहिरीचं पाणी कडू का झालं, माती परीक्षणाची पत्रिका आल्यावर शेतकरी तिचं काय करतो, फडावरची पोरं पाच महिने कुठे शिकतात. वाचकाने ते चिकित्सा करत वाचावेत, चुका काढाव्यात आणि लेखकांना कळवाव्यात.

आणि यांतल्या ज्या कुणाला पुढच्या हंगामात फडावर जाऊन मोजमाप करायचं असेल, त्याला एवढंच सांगायचं आहे : आधी मजुराला विचारून, त्याचा होकार मिळवून मोजा. बाईच्या दुखण्याचं विचारायला बाईच पाठवा. अहवाल मराठीत लिहा, त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक कारखान्याच्या शेतकी खात्यात ठेवा, आणि हंगामाचा पट्टा पडून टोळ्या गावाकडे निघण्याआधी तो कोपीवर जाऊन वाचून दाखवा.